पाने देवघरात अन् मी रस्त्यावर

मी एक जुनी, लाल रंगाची, दोन सीटांची मोटार आहे, अन् मित्रांनो, मले भल्ला राग आला आहे! तुम्ही म्हणान, मोटारीले कायचा राग? ऐका तर खरं. बसा इथी फुटबोर्डावर, पण हॉर्न दाबू नका.

माहा जन्म विलायतेचा. जहाजातून मुंबईले आली, मालगाडीतून नागपुरात उतरली. माहं लांबलचक बॉनेट पाहायले स्टेशनावर हे गर्दी! पहिला मालक रेल्वेचा इंजिनेर साहेब. तापट होता, पण माह्या पोटातलं तेल काळं पडलं की त्याले जेवण गोड लागत नव्हतं.

अन् रामाजी मिस्त्री! बुटका, तोंडात सदा पान, अन् कान असा की विचारू नका. एक लाकडी काडी इंजिनावर टेकवे, दुसरं टोक कानाले लावे, अन् डोळे मिटून डॉक्टरावानी ऐके. हजार मैल झाले की तेल बदल. प्लग घास. रेडिएटर धू. काही दुखत नसलं तरी पाहून घे. "बिघडल्यावर तर कोणीबी दुरुस्त करते गा," तो म्हणे, "बिघडूच द्याची नाही, ते मिस्त्रीचं काम." अशी मी साठ हजार मैल पळाली, मित्रांनो. साठ हजार! एक दिवस रस्त्यात थांबली नाही.

मंग साहेब त्याच्या देशी गेला, अन् मले धंतोलीच्या मनोहरराव वकिलानं घेतलं. रामाजीलेबी ठेवून घेतलं. मनोहरराव मले रोज सकाळी स्वतः पुसे. पोट्टे "लाल घोडी, लाल घोडी" ओरडत मागं धावत. मलेबी ताठा चढे, खोटं कायले बोलू! पण पोटात काय चालून राहिलं, ते पाहाचं तो नावच घेत नव्हता.

ऐंशी हजार मैल झाले. तिकडं लढाई पेटली, विलायतेहून पार्ट येणं बंद झालं. म्हणजे आता माहं मोठं काही तुटलं तर बदली नाही, समजलं? अन् त्याच वर्षी, श्रावणात, माह्या पोटात टक-टक सुरू झाली.

रामाजीनं काडी लावली. मंग तेलाचा थेंब बोटावर घासला. चांदीवानी चुरा चमकला.

"मालक, बेरिंग झिजून राहिलं. आता खोललं तर दोन दिवसाचं काम आहे, बेरिंगचा धातू मी इथीच ओततो. नाही खोललं तर पिस्टनचा दांडा तुटन अन् इंजिन फोडून बाहेर निघन."

"चालून राहिली न गाडी? मंग काहून खोलतं गा? अन् तेबी श्रावणात! पोळा होऊ दे."

पोळा झाला. "मारबत निघू दे." मारबत निघाली, साऱ्या पीडा गावाबाहेर नेणारा तो मोठा पुतळा. सारं नागपूर ओरडलं, खोकला घेऊन जा, ढेकूण घेऊन जा! माही टक-टक मात्र कोणी देली नाही तिच्यासंगं. मंग गणपती बसले. मंग पितृपक्ष लागला.

"पितृपक्षात नवीन काम काढतेत का गा? एवढंबी कळत नाही तुले?"

"नवीन कुठं मालक? दुखणं तर जुनंच आहे."

मनोहरराव हासला. हासला, मित्रांनो! दुसऱ्या दिवशी त्यानं घाम निघेस्तोवर हँडल फिरवलं, पण मी सुरूच झाली नाही. काय करता, मले तेवढंच येते.

मंग नवरात्र. मालकाची आई, यमुताई, तिनं सांगून देलं, "घट उठेस्तोवर घरात खोलाखोली नाही."

खांडेनवमीच्या सकाळी मनोहरराव म्हणे, "उद्या आपट्याचं सोनं द्याले खाप्याले जातो. तिथल्या आपल्या सोयऱ्याले, गोपाळरावाले, सांगून ठेवलं, पाऊण तासात पोचतो म्हणून."

रामाजी पान चावाचं थांबला. "खाप्याले? वीस मैलाच्या वर? अन् हिले घेऊन? थांबा, आजच खालून खोलतो!" तो नटबोल्टाचे पाने आणाले धावत गेला, अन् पेटी रिकामी! पाने, पकड, हातोडी, सारे देवघरात पाटावर मांडले होते. वरून हळदकुंकू, झेंडूची फुलं. खांडेनवमी न! हत्यारं पूजेत.

तो यमुताईले म्हणे, "बाई, दोनच पाने द्या."

"पूजेतलं हत्यार हालवतेत का रे? उद्या सोनं वाटलं की घेजो."

"बाई, उद्या गाडी नाही राहणार."

"सणासुदीचं असं अभद्र बोलतं?"

बिचारा पाने मागत उन्हात सारा सीताबर्डीचा बाजार फिरला. पण ज्याच्या त्याच्या दुकानात हत्यारं पाटावर, अन् तिथला मिस्त्री हात जोडून उभा!

दसऱ्याले मले हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवले, नारळ फोडला. माह्या पोटात बेरिंग फुटून राहिलं, अन् हे बाहेर नारळ फोडून राहिले! रामाजी माह्या समोर आडवा उभा राहिला. "मालक, बसनं जा. टांग्यानं जा. हिले नका नेऊ."

"बाजूले हो गा."

वाटेतली पाटणसावंगी मागं पडली. टक-टकची ठक-ठक झाली. बैलगाडीवाल्यानं वळून पाहिलं, तशी मनोहररावाले भल्ली शान चढली, त्यानं अजून दाबलं. मी ओरडून राहिली, थांब, थांब! अन् धाड! दांडा तुटला, इंजिनाच्या बाजूले भगदाड पाडून बाहेर निघाला, अन् माहं गरम काळं तेल सारं मातीत सांडलं.

दुसऱ्या दिवशी बैलजोडीनं ओढत मले धंतोलीत आणलं. सारी गल्ली पाहून राहिली होती. अन् मनोहररावाचा पहिला शब्द काय? "रामाजी, गाडी तुह्या हातात होती! पाहतो आता नागपुरात तुले काम कोण देते!"

तोंड असतं न मले, मित्रांनो!

पण यमुताई बाहेर आली. पदरात पाने होते. "मनोहर, चूप. पाने मी अडवले. श्रावणापासून तू अडवलं. या साऱ्या गल्लीत हा एकटाच गाडीसाठी आडवा झाला, अन् त्याच्यावरच डाफरून राहिला? लाज वाटू दे." मंग रामाजीकडं वळून हळूच म्हणे, "घे रे बाबा. पाहा, होते का काही."

रामाजीनं भगदाडात हात घातला. पुरी मूठ आत गेली.

"बाई, बेरिंग मी ओतलं असतं. इंजिनाचं आंग मले नाही ओतता येत."

मनोहरराव मान खाली घालून आत गेला. माफी नाही मागितली. रामाजीले समोरच्या डॉक्टरानं त्याच आठवड्यात आपल्या गाडीच्या कामाले ठेवलं. अन् मी तवापासून इथी, वकिलाच्या घरासमोर रस्त्यावर, उभी आहे. आरामानं अजून वीस हजार मैल पळाली असती मी! दोन दिवसाच्या कामापायी गेली.

म्हणून सांगून राहिली, मित्रांनो. दुखणं थोडं आहे तवाच पाहा. चालून राहिलं म्हणून सोडू नका. घरी मोटार नसन, सायकल असन, आईची शिलाई मशीन असन, विहिरीचा रहाट असन. त्याले तेल कधी देलं होतं? नाही आठवत न? मंग इथी बसून माहं तोंड काय पाहून राहिले? उठा, जा न घरी!