भिवाच्या खिशातली गोळ्यांची डबी

मी भिवाच्या शर्टाच्या खिशातून बोलतेय. पांढरी प्लास्टिकची डबी, पोटावर भलंमोठं लेबल. ऐट एखाद्या बड्या औषधाची, आणि आत औषध आहे की नुसतं पीठ, हे माझं मलाच ठाऊक नाही! हसा, हसा. मलाही हसू येतं.

भिवा चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर आहे, राहतो महाळुंग्यात. गेल्या वर्षी त्याला हार्ट अटॅक येऊन गेला. दुसरा येऊ नये म्हणून एका नव्या गोळीची चाचणी चालली होती, त्यात त्यानं नाव दिलं. डॉक्टर स्वरूपा मॅडमनी आधीच सांगितलं, "रोजची औषधं चालूच ठेवायची. चाचणीत निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. तुम्हाला कोणती, ते मलाही माहीत नाही."

"मग आमच्या सुपरवायझरसारखंच की मॅडम, त्यालाबी काय ठाऊक नसतं," भिवा म्हणाला.

झालं, मी त्याच्या खिशात आले. पंधरवड्यात हा पठ्ठ्या कॅन्टीनमध्ये सांगू लागला, "राव, जिना चढताना दम लागत नाय आता!" त्याची बायको प्रभावती रोज संध्याकाळी त्याला चालायला नेते आणि भाजीतलं मीठ तिनं निम्मं केलंय. श्रेय मात्र मला. मीही निर्लज्जासारखी फुगून बसायचे.

मग तो दिवस आला. भिवा आणि त्याचा दोस्त किसन कॅन्टीनमध्ये जेवायला बसले. दोघांचं सगळं वाटून खाणं. ठेचा, चटणी, भिवाला अटॅक येईपर्यंत तंबाखूसुद्धा. किसनचा घास हातातच राहिला. कपाळावर घाम.

"भावा, छातीत दाबल्यावानी होतंय. ॲसिडिटी असंल."

"थांब, माझी गोळी घे. लय भारी हाय."

मी तर आतल्या आत खडखडले. अरे बाबांनो, मी ठेचा नाही वाटून खायला! आत पीठ असो की औषध, हा माणूस माझ्या भरवशावर इथंच बसून राहील आणि जीव जाईल त्याचा. पण ओरडणार कशी? तोंडावर झाकण!

नशीब माझं, झाकण होतं दाबून फिरवायचं. भिवाच्या हाताला भाजीचं तेल, घाईत दाबायचंही राहिलं, झाकण नुसतं गरागरा फिरलं. चिडून त्यानं मला डोळ्यांसमोर धरलं आणि पहिल्यांदाच माझं लेबल वाचलं. 'दुसऱ्या कुणाला देऊ नये. छातीत दुखल्यास लगेच फोन करा.' खाली स्वरूपा मॅडमचा नंबर.

त्यानं फोन लावून सगळं सांगितलं. मॅडम जवळजवळ ओरडल्याच, "गोळी ठेवा बाजूला! त्यांना चालवू नका. कंपनीची ॲम्ब्युलन्स काढा, आत्ताच्या आत्ता!"

"शिफ्ट अर्धी राह्यली ना राव," किसन कण्हत होता. भिवानं त्याला उचलूनच गाडीत घातलं.

किसनच्या हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली होती. दवाखान्यात ती वेळेत उघडली. परवा किसन भिवाच्या घरी आला आणि त्यानं मला हातात घेऊन कपाळाला लावलं. "या गोळीनं वाचवलं मला."

"येड्या, तू घेतलीस कुठं?" भिवा म्हणाला. प्रभावती हसता हसता डोळे पुसत होती.

उद्या मला मॅडमकडे परत द्यायचंय. उरलेल्या गोळ्या मोजून घेतील आणि मला नष्ट करतील. आत काय होतं ते चाचणी संपल्यावर कळेल, तेव्हा मी नसेन. खरं सांगते, आता त्याचं काही वाटत नाही. तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी असेल, तर झाकण उघडायच्या आधी तिचं लेबल तेवढं वाचा. किसन वाचला, तो माझ्या झाकणाच्या आतल्या कशानंच नाही.