चौथ्या भोकाची पट्टी

बायकोचा सोडून जगातला कुठलाही माउथ ऑर्गन कारागिराला दुरुस्त करता येत होता. हे वाक्य त्याचं नव्हे, बायकोचं. ‘कारागीर’ हे नावही तिनेच ठेवलेलं, आणि त्यात कौतुक किती नि टोमणा किती, याचा अंदाज त्याला लग्नाला इतकी वर्षं होऊनही आला नव्हता.

झालं होतं एवढंच, की तिच्या बाजाच्या चौथ्या भोकातली, श्वास आत ओढल्यावर वाजणारी पितळी पट्टी मोडली होती. नखाएवढी वस्तू, पण तिच्यावाचून एक गाणं पुरं होईना. दोनदा वाजवून पाहिल्यावर तिने बाजा रुमालात गुंडाळून कपाटात टाकला आणि संध्याकाळी गॅलरीत बसणंच सोडून दिलं. कारागिराला ती शांतता सोसेना. बायको बोलत होती, पूर्वीइतकीच, किंबहुना जरा जास्तच. पण ते वेगळं.

नवा घ्यावा तर तिला वडिलांनी दिलेला तोच हवा. ती घडण बाजारातून कधीच गेली होती, आणि सुटी पट्टी कुणी विकत नाही. अशा वेळी या धंद्यात एकच करतात: मेलेल्या बाजाची पट्टी काढून जिवंत बाजाला लावतात. त्यासाठीच कारागिराने पलंगाखाली मेलेल्या बाजांची पेटी भरून ठेवली होती. त्या पेटीवरून घरात जितकी भांडणं झाली, तितकी तिच्या माहेरावरूनही झाली नव्हती.

“आता कळेल पेटीची किंमत!” म्हणत त्याने छाती फुगवून पेटी बाहेर ओढली. त्याच घडणीचे बाजे निघाले, चांगले ओंजळभर. एक उघडला, चौथी पट्टी मोडलेली. दुसरा उघडला, चौथीच. पुढच्याची जागेवर होती, पण तडकलेली. कारागीर डोकं धरून बसला. सगळ्यात जास्त वाजते तीच पट्टी मोडते, आणि ती मोडली म्हणूनच तर लोकांनी हे बाजे टाकून दिले होते. इतकी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात कधी शिरलीच नव्हती.

“म्हणजे इतकी वर्षं तुम्ही पलंगाखाली एकच भोक साठवलंत,” बायको दारातून म्हणाली.

आता हवा होता त्याच घडणीचा, पण कुणी धड न वाजवलेला बाजा. असा एक आहे, हे त्याला दाढी करताना आठवलं आणि ब्लेड लागता लागता राहिलं. सासऱ्यांचा! बापलेकीचे बाजे जोडीनेच घेतलेले. पण सासरेबुवा नुसते फुंकायचे. श्वास आत ओढूनही सूर निघतो, हे त्यांच्या गळी काही केल्या उतरत नसे. लेक दर रविवारी माहेरी जाऊन “बाबा, ओढा ना!” म्हणून घसा कोरडा करायची आणि ते फुंकतच राहायचे. कारागीर अशा वेळी हटकून त्यांचा नळ दुरुस्त करायला उठायचा.

या खेपेला तो रविवारची वाट न बघता एकटाच गेला. पण मागायचं कसं? ‘तुम्हाला वाजवता येत नाही, म्हणून तुमची पट्टी कोरी आहे,’ हे सासऱ्याच्या तोंडावर सांगायला छाती लागते. चहा निवेपर्यंत तो हवापाण्यावरच बोलत राहिला.

“जावईबापू, मनात आहे ते ओठांवर येऊ द्या की,” सासरे म्हणाले. त्याने कसंबसं सांगून टाकलं.

सासरे उठून आत गेले. बाजा आणला, ओठांना लावला आणि लेक वाजवायची तेच गाणं वाजवलं. फुंकून, ओढून, अगदी स्वच्छ.

“बाबा, तुम्हाला येतं?” कारागिराने विचारलं.

“न यायला काय झालं? इतकी वर्षं कानीकपाळी ओरडतेय पोरगी. येतं म्हटलं की शिकवणी संपली. मग कशाला येईल ती दर रविवारी?” त्यांनी बाजा शर्टाला पुसून त्याच्या हातात कोंबला. “दार लावून कधीमधी वाजवतो, एवढंच. तिची पट्टी मोडलीय हे मला बोलली नाही बघा. काढून घ्या. आणि मला येतं हे तिला सांगितलंत, तर गाठ माझ्याशी आहे.”

कारागिराने पट्टी बसवली. बायकोने गॅलरीत बसून गाणं शेवटपर्यंत वाजवलं, आणि कारागिराला चक्क रडू आलं.

“बाबांची ना ही?” ती म्हणाली.

“कशावरून?”

“इतकी कोरी दुसऱ्या कुणाची असणार?” ती हसली, मग बाजा उलटसुलट करून बघू लागली. “म्हणजे त्यांच्या बाजात आता तो सूर नाही.”

“नाही.”

“मग त्यांना माझ्याच बाजावर शिकवावं लागणार. शेजारी बसून, हात धरून. रविवार पुरायचा नाही, बुधवारीही जाईन म्हणते.” तिने बाजा पुसला. “पण बाबा आहेत ते. त्यांना शिकवण्यात जन्म जाईल माझा.”

कारागिराच्या अगदी जिभेवर आलं होतं.

“जाऊ दे की,” तो म्हणाला.