नमुना क्रमांक एकशे सतरा

बाईंनी दगड टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासला, उमटलेली रेघ उजेडाकडे धरून पाहिली आणि टाइल समोरच्या गृहस्थांकडे फिरवली.

"लाल रेघ आली बघा. म्हणजे हा गंजाचा सख्खा भाऊ. आकाशातला नाही, काका."

"पण हा माझ्या अंगणात आधी नव्हता."

"आधी तुम्ही अंगणात दगड शोधत नव्हता."

काकांना ते पटलं नाही. दगड रुमालात बांधून ते निघाले आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला म्हणाले, "कशालाच हो म्हणत नाहीत या. उगाच वेळ घालवू नका." तो माणूस तरीही पुढे आला. त्याच्याकडे पिशवीभर दगड होते.

शुक्रवारी सकाळी नऊ बावीसला शहरावर दुसरा सूर्य उगवावा तसा उजेड पडला होता. भांडी घासणारे, दाढी करणारे, कचेरीत नुकतेच खुर्चीला टेकलेले, सगळे हातातलं टाकून खिडक्यांशी धावले. आभाळात पांढरा जाड पट्टा ओढलेला होता आणि आवाज कसलाच नव्हता. लोक काचेला नाक लावून बघत राहिले. दोन मिनिटांनी धमाका आला आणि त्या काचा त्यांच्याच अंगावर फुटल्या. जीव कोणाचा गेला नाही, पण दवाखान्यांत टाके घालायला धागा पुरेना. पालिकेनं लगोलग पत्रक काढलं : "प्रखर उजेड दिसल्यास खिडकीकडे धावू नये. आडोशाला जाऊन बसावे." पत्रक सगळ्यांना नीट दिसावं म्हणून लोकांनी ते खिडकीवरच चिकटवलं.

उल्का फुटली असं कळलं आणि मग दगड सुरू झाले. कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागात दगड ओळखून मिळतो, ही बातमी कोणीतरी छापली. विभागप्रमुख सर त्या दिवसापासून या वाहिनीवरून त्या वाहिनीवर फिरत होते. आभाळाचं सर बघत होते, जमिनीवरचं सगळं बाईंच्या टेबलावर आलं होतं. बाई तिथं बावीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होत्या. मुलं त्यांना मागं 'दगडबाई' म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. प्रत्येक दगडाला त्या क्रमांक देत, पावती फाडत, लोहचुंबक लावत, टाइलवर घासत आणि 'नाही' म्हणत. सोमवारी दुपारपर्यंत एकशे सोळा वेळा 'नाही' म्हणून झालं होतं.

घरीही उल्केचीच धास्ती होती. नवऱ्यानं दाराशी एक बॅग भरून ठेवली होती. विजेरी, दोरी, औषधं, पाण्याच्या बाटल्या. "तुझं काय ठेवायचं यात?" असं त्यानं सकाळी विचारलं तेव्हा बाईंना पटकन काही सुचलं नव्हतं. "चष्मा," त्या म्हणाल्या होत्या. "तो तर डोळ्यावरच असतो," तो म्हणाला, आणि विषय तिथंच राहिला.

एकशे सतरावा दगड घेऊन आलेला माणूस रांगेत सगळ्यात शेवटी उभा होता. मागून कोणी आलं की तो त्याला पुढे जाऊ देई. खोली रिकामी झाली तसा तो पुढे आला. पन्नाशीचा, नखांच्या कडांना रंग बसलेला. दुकानांच्या पाट्या रंगवतो, असं त्यानं सांगितलं. त्यानं टॉवेलात गुंडाळलेला दगड दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला, निजलेलं मूल ठेवावं तसा.

"हा घरात पडला. छपरातून."

बाईंनी पहिल्यांदाच मान वर करून नीट बघितलं. "घरात?"

"आमच्या मागच्या खोलीवर सिमेंटचा पत्रा आहे. तो फोडून सरळ खाटेवर. खाटेची पट्टी तुटली. आई त्या खाटेवर झोपते. सकाळी दहापर्यंत उठत नाही. गुडघे धरतात तिचे."

"अगंबाई. मग?"

"नव्हती. बुधवारी तिला ताईकडे सोडून आलो होतो. दोनच दिवस आधी. चार दिवसांसाठी, असं सांगून."

बाईंनी वहीत क्रमांक टाकला आणि पावती त्याच्याकडे सरकवली. त्यानं ती न वाचताच खिशात घातली.

"मॅडम, मला लेखी पाहिजे. दोन ओळी. हा दगड आकाशातला आहे, एवढंच."

"कशाला?"

"आई बोलत नाहीये माझ्याशी. फोन केला की ताईच घेते. ताई म्हणते, तुला आई जड झाली म्हणून माझ्या दारात टाकलीस." तो टॉवेलाच्या घड्या घालू लागला. "आता हे बघितल्यावर तरी... म्हणजे मी तिला तिथं नेलं नसतं तर? कागद दाखवला की कळेल तिला. कोणीतरी करवून घेतलं माझ्याकडून."

बाईंनी लोहचुंबक लावलं. दोऱ्याला बांधलेलं चुंबक दगडाकडे किंचित ओढलं गेलं, आणि त्या माणसाचा श्वास त्यांना ऐकू आला.

"काळ्या खडकालाही एवढं ओढतंच," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

उल्केवर असते ती वितळून बसलेली पातळ काळी साल दगडावर कुठंच नव्हती. कडा धारदार होत्या, बारीक छिद्रं होती. नदीकाठी, रस्त्याच्या कामावर, कुठंही मिळेल असा साधा दगड. त्यांनी तो उलटा केला. खालच्या अंगाला करंगळीएवढा निळ्या रंगाचा ओघळ वाळून बसला होता.

बाई बराच वेळ भिंग डोळ्याला लावून बसल्या. दोन ओळी लिहायला दोन मिनिटंही लागली नसती. सर विचारणार नव्हते. एकशे सोळा जणांना खरं सांगून कोणाचं काय भलं झालं होतं?

त्यांनी भिंग त्याच्या हातात दिलं.

"तुम्हीच बघा."

त्यानं वाकून बघितलं. बघताना त्याचा अंगठा त्या ओघळावरून एकदा फिरला, मग परत फिरला. भिंगाची काही गरज नव्हती. स्वतः कालवलेला रंग तो माणूस अंधारातही ओळखणार.

"शाळेच्या फाटकाचा," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली."

पलीकडच्या वर्गात कोणीतरी बाकं सरकवत होतं. तो स्टुलावर बसला.

"वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून सहा दगड ठेवले होते वर. मीच. तेव्हापासून आईचं एकच चालू. डोक्यावर दगड आहे, तो काढ. सकाळी तेच, जेवताना तेच, पाहुणे आले तरी तेच. त्यांना बोट करून दाखवायची, तो बघा, तिथं आहे. मी म्हणायचो, अगं, तो आहे म्हणून तर छप्पर आहे." त्यानं भिंग टेबलावर ठेवलं. "डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, वयानं होतं असं. एकच गोष्ट धरून बसतात. शेवटी मीच कंटाळलो. म्हटलं, राहा तिकडे थोडे दिवस."

बाईंनी खणातून पाण्याची बाटली काढून त्याच्यापुढे ठेवली. त्यानं ती उघडली नाही.

"वर अजून पाच आहेत?"

"आहेत."

"आज उतरवा. त्या धमाक्यानं पत्रा सगळाच तडकलेला असणार."

त्यानं मान हलवली आणि उठला. टॉवेल घेतला, दगड तिथंच राहिला. दारापर्यंत गेल्यावर तो वळला. काहीतरी विचारणार असं वाटलं, पण नुसतंच "येतो" म्हणाला.

शनिवारी सर एकदाचे कॉलेजात आले. शहराबाहेरच्या तळ्याकाठी सापडलेला उल्केचा खरा तुकडा त्यांनी कापसात ठेवून आणला होता. सुपारीएवढा होता. त्याच्याबरोबर विभागातल्या सगळ्यांनी फोटो काढले. जाताना सरांनी बजावलं, "कोणाला काही लेखी देऊ नका हं. उद्या पेपरात छापून येतं."

सर गेल्यावर बाई तुकडा कपाटात ठेवत होत्या, तेवढ्यात दारात काठीचा आवाज झाला. एक म्हातारी उंबरठ्याशी श्वास घेत उभी होती. जिना चढून आल्याचा राग तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता.

"दगडांच्या बाई त्या तुम्हीच का?"

"मीच. बसा आजी."

आजी बसल्या, काठी मांडीवर आडवी घेतली आणि कमरेच्या पिशवीतून एक पावती काढली. धुण्यात भिजून वाळलेली, पण क्रमांक वाचता येत होता. एकशे सतरा.

"लेकाच्या सदऱ्याच्या खिशात सापडली. तो येऊन घेऊन गेला मला सोमवारी संध्याकाळी. लेकीकडून."

"बरं झालं."

"हो. आल्या आल्या म्हणाला, आई, बघ, तुझ्या खाटेवर आभाळातून दगड पडला. कॉलेजातल्या बाईंनी तपासून लिहून दिलंय."

बाईंचा हात कपाटाच्या किल्लीवरच राहिला. "आजी, मी त्यांना तसं काही..."

"दिलं नाहीत. माहीत आहे मला." आजींची नजर खिडकीतल्या पुठ्ठ्यावर होती. काचा अजून बसल्या नव्हत्या. "कुठं आहे तो?"

बाईंनी फळीवरून दगड काढून त्यांच्यापुढे ठेवला. आजींनी तो हातात घेतला नाही. काठीच्या टोकानं थोडा फिरवला. निळा ओघळ वर आला.

"लेक शिडीवर होता. खालून मीच दिला होता हातात," त्या म्हणाल्या. "जड होता. तेव्हाच म्हटलं होतं, हा इथं नको."

"मग तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? आल्या दिवशीच बाकीचे दगड उतरवून टाकले त्यानं. मोजायलासुद्धा ठेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी नवा पत्रा घातला, खिळे ठोकून. खाट भिंतीकडे सरकवली. हे सगळं मी न सांगता." आजी जरा हसल्या. "दोन वर्षं बोलत होते तेव्हा हललं नाही काही. आता गप्प बसले तर सगळं होतंय."

बाईंनाही हसू आलं.

"तुम्हाला कळलंय हे त्यांना कळायला नको का?"

"आणि मग काय? मी बरोबर होते, हे रोज सकाळी त्याच्या तोंडावर दिसणार. तसा चहा कोणाला गोड लागणार?"

खाली घंटा झाली. मुलं जिन्यावरून धडधडत उतरली, तेव्हा आजींनी दचकून छताकडे बघितलं. मग आपलं आपल्यालाच काहीतरी पुटपुटून काठी सावरली.

"माझी लेक उद्या यायची आहे. ती वकिलाच्या वरताण. म्हणते, कागद दाखव, बाईंनी दिलेला. हा म्हणतो, कुठंतरी ठेवलाय, सापडत नाही. चार दिवस शोधतोय बिचारा. नसलेला कागद गादीखाली शोधतोय, भांड्यांच्या फळीवर शोधतोय. मला बघवेना." त्यांनी पावती बाईंकडे सरकवली. "म्हणून म्हटलं, आपणच जाऊन आणावा."

बाई खुर्चीवर बसल्या. समोर वही, शेजारी शिक्का. "आजी, मला खोटं लिहिता येत नाही. नोकरीचं आहे."

"खोटं नकाच लिहू."

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला, परत लावला. मग विभागाचा छापील कागद ओढून त्या सावकाश लिहू लागल्या. लिहून झाल्यावर कागद लांब धरला आणि वाचून दाखवला.

"नमुना क्रमांक एकशे सतरा. सदर दगड गेल्या आठवड्यातल्या शुक्रवारी सकाळी, उल्केचा स्फोट झाला त्या वेळी, छप्पर फोडून वरून खाली पडला. या प्रयोगशाळेत तो तपासण्यात आला."

"परत वाचा."

बाईंनी परत वाचलं.

"यात खोटं काही आहे?" आजींनी विचारलं.

"एक अक्षरही नाही."

"मग झालं की."

बाईंनी खाली सही केली, शिक्का उमटवला आणि शाई वाळेपर्यंत कागद हातातच धरून ठेवला. लिहिता लिहिता त्यांना आणखी एक ओळ सुचली होती. त्यांनी पेन पुन्हा उघडलं.

"पडला तेव्हा खाट रिकामी होती, हेही घालते. म्हणजे तुमच्या लेकीलाही कळेल."

आजींनी हात पुढे करून कागद काढून घेतला आणि त्याची बारीक घडी घातली.

"ते नको," त्या म्हणाल्या. "का रिकामी होती, ते त्याला माहीत आहे."