कानातले कंगोरे

मी रागीट आहे हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. पण परवा जेवताना बाबांना जे बोलले, ते रागीटपणातसुद्धा बसत नाही. दादा, वहिनी, मुक्कामाला आलेले वहिनीचे आईवडील, सगळे पानावर होते. वहिनीच्या वडिलांनी काहीतरी विचारलं, पुन्हा विचारलं, बाबांना ऐकू गेलं नाही आणि माझं डोकं फिरलं. "यंत्र कानात घालायचं नाही आणि आम्ही घसा फोडायचा! टोचतं म्हणे. नुसते नखरे." बाबा अर्ध्या जेवणावरून उठले आणि हात धुऊन खोलीत गेले.

माझं पोट लोकांच्या कानांवर चालतं. श्रवणयंत्र ज्या साच्यात बसतं, तो मी संगणकावर घडवते. कानाचं माप घेतलं की पडद्यावर छान गुळगुळीत पृष्ठभाग उभा राहतो. साचा छापून काढणाऱ्या थ्रीडी मशीनला मात्र ती गोलाई कळत नाही. त्या पृष्ठभागाचे छोटे छोटे सपाट त्रिकोण पाडून त्यांची जाळी द्यावी लागते. त्रिकोण बारीक ठेवले तर वेळ खातात. मोठे ठेवले तर काम झटपट उरकतं, पण गोलाईच्या जागी कंगोरे येतात. बाबांचा साचा मीच केला होता आणि चारचौघांत मिरवलाही होता.

दुसऱ्या दिवशी तो साचा घेऊन कामावर गेले, बाबांना खोटं पाडायला. फाइल उघडली. त्रिकोण एवढाले होते की लांबूनही दिसावेत. मग आठवलं. गिऱ्हाइकांची कामं तुंबली होती आणि मी म्हटलं होतं, घरचंच तर आहे, घेतील चालवून. परक्यांच्या कानांसाठी बारीक जाळी आणि बापासाठी उरकाउरकी. साच्याची कड माझ्याच कानाच्या पाळीवर घासून पाहिली, तर टोचली. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "काय गं, चेहरा का उतरला?" मी पडद्याकडे वळून जाळी नव्यानं, बारीक काढायला घेतली. मला स्वतःची लाज वाटत होती.

नवा साचा करून संध्याकाळी घरी नेला. बाबा खिडकीशी बसून शर्टाला बटण लावत होते. आत वहिनी भांडी घासत होती, तिचे आईवडील तिच्याशी बोलत होते.

मी बाबांसमोर बसले. "बाबा, चूक माझी होती. साचाच मी वाईट केला होता."

"काय?"

पुन्हा सांगितलं. एरवी खालच्या मजल्यापर्यंत पोचणारा माझा आवाज जेमतेम ओठांपर्यंत आला.

"मोठ्यानं बोल."

"तुम्हाला टोचत होतं ते खरं होतं, बाबा."

बाबांनी दातांनी दोरा तोडला. "मला पहिल्या वेळीच कळलं होतं, तुझ्या ओठांवरून," ते शांतपणे म्हणाले. "पण कालचं तुझं बोलणं सगळ्यांनी ऐकलं. हेही ऐकू दे की त्यांना."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. माझे कान तापले. मी उठून उभी राहिले आणि परवाच्याच आवाजात सांगितलं.