वरचा आवाज

आमच्या ह्यांना मी एकच वचन दिलं होतं, आणि तेही मला धड पाळता आलं नाही.

ह्यांचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. सगळा जन्म लिफ्टच्या खड्ड्यात गेला, म्हणून आवाजही तळाला गेलाय, असं मी चिडवायची. चर्चमध्ये आम्ही अकराजण गाणारे. हे सगळ्यात खालच्या पट्टीत, मी आल्टो, म्हणजे मधला आवाज. खरी चाल धरायच्या त्या वरच्या आवाजातल्या बायका. चाळीस वर्षं मी मधलंच गायले. मग कुणी वारलं, कुणाला रविवारी झोप प्यारी झाली. शेवटी पाळकसाहेबांनी किल्ल्या देऊन टाकल्या. तिथे आता फरशांचं दुकान आहे. एकदा नाक मुठीत धरून आत गेले, तर तिथला माणूस विचारतो, बाथरूमसाठी बघताय का? मी काय सांगणार, कपाळ?

तेव्हापासून रविवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी आम्ही दोघंच गायचो. हे खाली, मी मध्ये. वर कुणीच नाही. "आपल्या कानात आहे ना चाल, बस झालं," हे म्हणायचे.

आजारात एक दिवस माझा हात धरून म्हणाले, "मला मुक्यानं पोचवू नका. संध्याकाळचं गीत म्हण. चारही कडवी." मी म्हटलं, म्हणेन.

मुलगा आमचा शाळेत विज्ञान शिकवतो. तेराव्या वर्षी त्यानं सांगितलं, मला देवाचं काही पटत नाही, मी चर्चला येणार नाही. तोवर गाणाऱ्यांत तोच वरच्या आवाजात सगळ्यांच्या पुढे असायचा. पण उगाच नावं कशाला ठेवू? शेवटचे तीन महिने बापाला त्यानंच अंघोळ घातली, तोंडातून चकार शब्द न काढता. मला फक्त एक गोष्ट लागली. हे गेल्यावर अंत्यविधीच्या हॉलवाल्या बाईनं विचारलं, निरोप धार्मिक हवा की साधा? मी तोंड उघडायच्या आत हा म्हणाला, साधा. माणूस गेलं त्यात साधं काय असतं, बाई? मी हट्टाला पेटले. मी शिंपीण आहे, एकदा माप ठरलं की मी ऐकत नाही. शेवटी तो म्हणाला, बरं, एक गाणं म्हण, पण लोकांना प्रार्थनेला उभं करू नकोस, ते अवघडतात. चाल कोण धरणार हे त्याला विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. आणि आलं असतं तरी विचारलं नसतं, एवढा माझ्या नाकावर राग.

हॉल भरला होता. लिफ्टवाले सोबती आले होते, शेजारी आले होते. ह्यांचे फोटो दाखवले, किस्से सांगितले, लोक हसलेसुद्धा. मग मी उठले, ह्यांच्या शवपेटीवर हात ठेवला आणि सुरुवात केली.

घशातून आल्टो आला. वरचं कापडच नाही आणि मी नुसतं अस्तर घेऊन उभी. एकाच सुरावर तेवढेच शब्द, मध्येच एक पायरी खाली, परत तिथेच. थांबले. चाल कानात लख्ख वाजत होती. परत सुरू केलं, परत तेच. लोक आपापल्या बुटांकडे बघायला लागले. त्यांना वाटलं असेल, म्हातारी दुःखानं बेसूर झाली. मी मुलाकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. त्या हॉलमध्ये एकट्या त्यालाच कळलं होतं, आणि त्यानं मान खाली घातली. दुसऱ्या कडव्यात तो पुढे आला, माझं कोपर धरून म्हणाला, "पुरे आता, आई." मी बसले. दोन कडवी राहिली ती राहिलीच.

दुपारी घरी आलो. तो स्वयंपाकघरात कप विसळत होता, मी बाहेर ह्यांच्या शर्टांच्या घड्या घालत होते. नळाच्या आवाजात त्याचं गुणगुणणं ऐकू आलं. तीच चाल, तिसरं कडवं, एकही सूर इकडचा तिकडे नाही. मी हळूच माझा आवाज खाली लावला. दोन ओळी आम्ही बरोबर गेलो. मग त्याला मी ऐकू आले, आणि तो थांबला.

मी दाराशी जाऊन विचारलं, "तिथे का नाही म्हटलंस? तुझ्या बापासाठी तरी?"

त्यानं नळ बंद केला. त्याचे डोळे लाल होते. "म्हटलं असतं तर तुला वाटलं असतं, मी परत आलो. तेवढं खोटं मला तुझ्याशी बोलवलं नाही."

खोटं कशाला सांगू, मला तसंच वाटलं असतं. आत्ता त्या दोन ओळींपुरतं वाटलंच होतं.

त्यानं पुढे केलेला कप मी घेतला आणि पुसायला लागले.