खडे मीठ

"हे वाचायचं नाही," सचिवकाका म्हणाले आणि माझ्या तिसऱ्या परिच्छेदावर त्यांनी लाल पेनाने रेघ ओढली. ती वाकडी आली म्हणून तिच्यावरून दुसरी ओढली.

सोसायटीच्या ऑफिसात आम्ही दोघेच होतो. शेजारच्या गोदामात सतरंज्या अंथरणं चाललं होतं. चार वाजता तिथे आत्याची शोकसभा होती. आत्या जाऊन नऊ दिवस झाले होते. शेतकऱ्यांच्या या सोसायटीची ती बावीस वर्षं अध्यक्ष होती. तिची माहिती लिहून वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी तिची भाची आणि धान्य तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. जी मोजमाप करते तिला लिहिताही येत असणार, असा काकांचा हिशेब.

पहिले दोन परिच्छेद त्यांना आवडले होते. मक्याच्या खरेदी केंद्रावर ओलावा मोजायचं यंत्र होतं आणि ते म्हणेल ती पूर्व दिशा. मका ओला म्हणून परत गेला की विचारायची सोय नव्हती. आत्याने काचेची बाटली घेतली, तीत मक्याचे दाणे आणि कोरडं बारीक मीठ घातलं, काही मिनिटं हलवलं. दाणे ओले असतील तर मीठ ओलं होऊन काचेला चिकटतं, कोरडे असतील तर खाली बसतं. यंत्राने ओला ठरवलेल्या मक्याचं मीठ खाली बसलं आणि एवढ्यावर तिने यंत्र बिघडलंय हे सगळ्यांसमोर दाखवलं. तेव्हापासून वजनाआधी यंत्र तपासून दाखवायचा नियम झाला आणि आत्याला बाटलीबाई हे नाव पडलं. एका नव्या अधिकाऱ्याने विचारलं होतं म्हणे, की ही बाई दिवसाढवळ्या बाटली घेऊन कशी हिंडते. आत्याने बाटली त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "घ्या, हलवून बघा. चढली तर सांगा."

तिसऱ्या परिच्छेदात त्यानंतरच्या तिसऱ्या वर्षाची गोष्ट होती. केंद्राने अकरा घरांचा मका परत पाठवला. आत्याने बाटली हलवली, मीठ खाली बसलं. मका कोरडा आहे, यंत्र पुन्हा खोटं बोलतंय, असं ती ठामपणे म्हणाली आणि सगळा मका सोसायटीच्या गोदामात भरून घेतला. पाच आठवड्यांनी रखवालदाराने एका पोत्यात हात घातला तर आत गरम लागलं. मका बुरशीने काळा पडला होता. यंत्र बरोबर होतं. बारीक मीठ संपलं होतं म्हणून आत्याने त्या दिवशी खडे मीठ वापरलं होतं. खडा जड असतो. दाणा ओला असला तरी तो काचेला धरून राहत नाही.

पुढे प्रत्येक प्रशिक्षणात आत्या आधी ही चूक सांगायची, मग बाटली काढायची. मी हे काकांना सांगितलं.

"ती सांगायची, ती गोष्ट वेगळी. ती समोर उभी राहून उत्तर द्यायची," काका म्हणाले. "आज पहिल्या रांगेत केंद्राचा अधिकारी बसणारे. तो नियम काढून टाकायला टपलाय. त्याच्या हातात आपणच काठी द्यायची?"

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पण तो परिच्छेद काढला तर उरायची ती कधीच न चुकणारी कुणी बाई. तिला मी ओळखत नव्हते.

दारात विहिरीवरच्या मावशी उभ्या होत्या. त्यांचं घर विहिरीला लागून, म्हणून हे नाव. त्या सतरंज्या घालायला आल्या होत्या आणि सगळं ऐकून झालं होतं.

"काय खोडलंत?" त्यांनी विचारलं.

काका म्हणाले, काही नाही, जुनी गोष्ट आहे.

"मक्याची?"

मी मान हलवली. त्या अकरा घरांतलं एक घर मावशींचं होतं, हे मला तेव्हा त्यांच्याकडून कळलं. नवरा त्याच वर्षी गेलेला, शेत एकटीने केलेलं, वर्षाचं सगळं धान्य त्या पोत्यांत. आत्या त्यांच्या दारी दोन दिवस गेली होती. मावशींनी दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी आत्याने हाक मारली नाही. अंगणात बसली आणि नासलेल्या मक्यातून पेरता येईल असा एकेक दाणा निवडत राहिली. दिवस मावळेपर्यंत सूपभर दाणे निघाले. ते उंबऱ्यावर ठेवून ती गेली.

"मी खिडकीतनं बघत होते," मावशी म्हणाल्या. "ते दाणे पेरले मी. आले चांगले. पण तिला सांगितलं नाही. समोर आली की मान फिरवायचे. एकोणीस वर्षं." मग काकांकडे वळून अगदी हळू म्हणाल्या, "भाऊ, ती चूक माझ्या घरात झालीय. ती तुम्ही कशी खोडता?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कागद माझ्याकडे सरकवला.

"रेघेखालचं वाचता येतंय का?"

"येतंय."

"मग वाच."

सभेत मी वाचलं. तिसरा परिच्छेद सुरू केला तेव्हा अधिकाऱ्याने मान वर केली. मागे भिंतीजवळ मावशी उठून उभ्या राहिल्या. लोक वळून बघू लागले. परिच्छेद संपेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या, मग बसल्या. अधिकारी सभा संपताच निघून गेला. नियमाचं काय होणार ते अजून ठरलेलं नाही.

गोदाम रिकामं झाल्यावर मावशी माझ्याजवळ आल्या. त्यांना वाचता येत नाही. मक्याचं कुठे आहे ते दाखव, म्हणाल्या. मी दाखवलं. लाल रेघांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"इथं तिचं नाव आहे?"

"आहे."

"आणि माझं?"

"अकरा घरं, एवढंच लिहिलंय."

"तिच्या शेजारी लिही."

जागा फार नव्हती. मी दोन ओळींच्या मधे बारीक अक्षरात त्यांचं नाव लिहिलं. कागद हवा का, असं विचारलं तर त्या नको म्हणाल्या, सोसायटीत राहू दे. मग खाली वाकून त्यांनी सतरंजीचं एक टोक उचललं आणि दुसरं मी धरावं म्हणून थांबल्या.