म्हातारा गाळ

"मामा, फेस कुठे गेला?"

मॅडम सांडपाणी केंद्रातल्या छोट्या टाकीच्या कठड्यावरून ओणव्या होऊन बघत होत्या. पाणी खदखदत होतं, पण वर तपकिरी साय नव्हती. मामांना वाटलं, आता शाबासकी मिळणार.

"काढला की. सकाळीच गाळ सोडून दिला. मोठ्या टाक्यांवर फेस आला की आपण तेच करतो."

"किती सोडला?"

"फेस जाईपर्यंत."

मॅडम होत्या तिथेच खाली बसल्या. तेव्हा मामांना कळलं.

काय कळलं? या छोट्या टाकीतला जंतूंचा गाळ म्हातारा होता. मुद्दाम म्हातारा केलेला. गोळ्या-इंजेक्शनांतले हॉर्मोन माणसांच्या अंगातून सांडपाण्यात उतरतात आणि नदीत जातात. तिथल्या नर माशांच्या पोटात अंडी सापडू लागली होती. तरुण गाळ मैला खातो, हॉर्मोनला तोंड लावत नाही. ते खाणारे जंतू गोगलगायीच्या चालीने वाढतात. गाळ घाईने काढला, की रुजण्याआधीच वाहून जातात. म्हणून मॅडमनी तो हिवाळाभर राखला होता आणि मामांनी आजारी लेकरासारखी त्याची हवा सांभाळली होती. फेस यायचा तो त्या म्हातारपणाचाच. मामांना हे पाठ होतं.

पण सकाळी फोन आला होता.

"अहो, एवढी इंजेक्शनं घेऊन पोरीला याही वेळी दिवस राहिले नाहीत."

"बरं."

"बरं काय बरं! दगड आहात का? रडतेय ती."

"तिला चार घास खायला घाल."

फोन खिशात गेला. समोर फेस. मामांच्या हातांनी मामांना न विचारता जन्माची सवय पाळली. गाळाची झडप उघडली.

"पुन्हा वाढवू की, मॅडम. मी रजा घेणार नाही."

"उद्या तपासायला नमुने नेणार आहेत, मामा. हॉर्मोन जसेच्या तसे निघाले की टाकी बंद. साहेब टपूनच बसलेत."

"मग साहेबांना सांगतो, चूक माझी."

"सांगा." मॅडम उठल्या, हात झटकले. "गाळाला काय त्याचं?"

मामा संध्याकाळपर्यंत कठड्याशी उभे राहिले. हवा पूर्ण सोडून ठेवली. कुणासाठी, कोण जाणे.

घरी लेक भिंतीकडे तोंड करून पडली होती. बायको मोरीपाशी. पोरीच्या उरलेल्या हॉर्मोनच्या इंजेक्शनांच्या कुप्या घेऊन बसलेली. एकेकीची मान मोडायची, ओतायची.

"पुरे म्हणाली ती. आता डोळ्यांसमोर नकोत."

उद्या नमुने, आणि हे सगळं टाकीत उतरणार; मामांनी तिला थांबवायला हात पुढे केला. मग आठवलं. खाली टाकीत आता हे खाणारं कुणी नव्हतं; नमुने तसेही बिघडणारच.

तो हात तसाच खाली नेऊन ते मोरीच्या कडेच्या काचा वेचू लागले.

"सावकाश," ते म्हणाले. "बोट कापेल."